तिसऱ्या दिवसाची धाप

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि आमच्या कऱ्हाटींत दोन नव्या जाती निर्माण झाल्या : एक पाटाच्या पाण्यावाल्यांची आणि दुसरी आभाळाकडे पाहणारांची. पहिलीनें ऊंस लावला. दुसरीनें तो तोडला, वाहिला, गाळला आणि आटविला. मोरगांवावरून येणारी कऱ्हा बारामतीला वळसा घालून सोनगांवाजवळ नीरेला मिळते खरी, पण तिच्या कांठचा बराचसा मुलूख अद्यापि दुसऱ्या जातीचाच आहे. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर उभें राहिलें. पुढें माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथें सहकारी कारखाने निघाले. आणि त्यांच्या धुराड्यांपुढें गुऱ्हाळें मागें पडलीं. मागें पडलीं, पण संपलीं नाहींत. थंडी सुरू झाली कीं एखाद्या मळ्याच्या कडेला चुलाण पेटतें, चिपाडांचा धूर अंगाला चिकटून राहतो आणि वाटसरूला रसाचा पेला मिळतो. गुऱ्हाळावर लिहिणारे लेखक बहुधा एवढ्यावरच थांबतात. तो रस आणि ती काकवी खाऊन त्यांचें समाधान झालेलें असतें, आणि आमचेंहि अनेकदां झालेलें आहे.

परंतु गुऱ्हाळ हें आगीचें ठिकाण आहे, ही गोष्ट गोडीमुळें विसरली जाते. पाणी शंभर अंशांवर उकळतें. गुळाचा पाक काहिलींतून उतरवितांना ११५ ते ११८ अंशांवर असतो. शिवाय पाणी अंगावर पडलें तर ओघळून जातें, पाक ओघळत नाहीं. तो चिकटतो, आणि चिकटून राहिल्यानें आपली सारी उष्णता सावकाश आंत सोडतो. घाईनें ओढून काढूं गेलें तर त्याबरोबर कातडीहि निघून येते. म्हणून जाणते गुळवे काहील उतरवितांना एक शब्दहि बोलत नाहींत. इतर वेळीं त्यांच्यासारखा बडबड्या माणूस मिळावयाचा नाहीं.

दोन हिवाळ्यांपूर्वीं आमच्या गांवच्या शिवारांत अशीच एक काहील उतरतांना कलंडली. ज्याच्या पायांवर पाक गेला तो जिरायत पट्ट्यांतला, वर्षांतले चार महिने गुऱ्हाळावर मजुरी करणारा. आमच्याच शाळेंत चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे पाढे वीसपर्यंत आणि पुढें सारा व्यवहार. वय पस्तीसच्या आंतबाहेर, वजन साठ किलो. दोन्ही पाय मांडीच्या मध्यापर्यंत भाजले. सोबत्यांनीं त्याला हौदाकडे ओढलें आणि बराच वेळ पायांवर पाणी सोडलें. हें त्यांना कोणीं शिकविलें होतें हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण त्याहून चांगला उपचार त्या वेळीं डॉक्टरालाहि सुचता ना. भाजलेल्यावर शाई, शेण, चुना, टूथपेस्ट यांपैकीं हाताशीं येईल तें थापण्याची आमच्याकडे जी रीत आहे, ती त्या दिवशीं कोणीं पाळली नाहीं. वीस मिनिटें नळाचें साधें पाणी आणि मग स्वच्छ फडकें, याहून घरगुती उपाय नाहीं. बर्फ देखील नको.

तालुक्याच्या गांवीं एका रुग्णालयांत त्याला ठेवलें. पहिले दोन दिवस तो बोलत होता, चहा मागत होता, काहिलींतला किती गूळ वायां गेला हें विचारीत होता. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला धाप लागली. दुपारपर्यंत मिनिटाला चाळीस श्वास झाले, ओठ काळवंडले, आणि डॉक्टर म्हणाले कीं घशांतून नळी घालून यंत्रावर ठेवावें लागेल व पुण्याला हलवावें लागेल. नातलगांनीं सही करण्याचें नाकारलें आणि आम्हांस बोलावणें आलें. शिकलेला माणूस अशा प्रसंगीं दोन्ही बाजूंस हवासा वाटतो : डॉक्टरांना वाटतें हा नातलगांची समजूत घालील, आणि नातलगांना वाटतें हा डॉक्टरांची लबाडी पकडील.

त्याची बायको ओसरीवर बसली होती. तिनें आम्हांस सरळच विचारलें, "गुरुजी, भाजलं पायाला, अन् नळी घालत्यात नरड्यात. ह्यो कंचा न्याव म्हणायचा?" दिराचें मत ठाम होतें : पुण्याला न्या म्हणजे बिल वाढवा. आम्हीं तिला उत्तर दिलें नाहीं, कारण आमच्यापाशीं तें नव्हतें. पाकानें छातीला स्पर्श केला नव्हता. धूर कोंडला नव्हता, चारी बाजूंनीं उघडी गुऱ्हाळाची खोप होती ती. मग पायांची इजा उराशीं गेली कोणत्या वाटेनें?

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि तरीहि त्यांनीं आम्हांस दहा मिनिटें दिलीं. "सर," ते म्हणाले, "चेहरा भाजलेला नाही, आवाज बसलेला नाही, थुंकीत काजळी नाही. फुप्फुसात धूर गेलेला नाही. तरी फुप्फुसं जाताहेत. आणि याला कारण पायच आहेत." एका कागदाच्या पाठीवर त्यांनीं पाय, हृदय आणि फुप्फुसें काढून बाण दाखविले. तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे. पुढें कित्येक दिवस त्या बाणांच्या मागोमाग आम्ही वाचीत गेलों, आणि जें समजलें तें येथें मांडीत आहों.

माणसाच्या पेशी जाग्यावर मरतात तेव्हां त्यांच्या आंतला ऐवज बाहेर सांडतो. घरांतलीं भांडींकुंडीं रस्त्यावर पडलेलीं दिसलीं म्हणजे शेजाऱ्यांना कळतें कीं आंत कांहीं भयंकर घडलें आहे, तसेंच हें. रक्तांत आणि ऊतींत पहारा करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्या पृष्ठावर अशा सांडलेल्या ऐवजाची ओळख पटविणारे ग्राहक असतात. त्यांचें मुख्य काम जंतु ओळखण्याचें. पण घरचा कचरा आणि बाहेरचा चोर यांत त्यांचा नेहमीं घोंटाळा होतो. या घोंटाळ्याचें एक कारण मोठें मौजेचें आहे. आपल्या प्रत्येक पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका असतात, त्या अतिप्राचीन काळीं स्वतंत्र जंतु होत्या. कोट्यवधि वर्षांपूर्वीं त्या दुसऱ्या पेशींत राहावयास आल्या आणि तेथल्याच होऊन गेल्या. पेशी फुटून त्यांचें आनुवंशिक द्रव्य रक्तांत आलें कीं पहारेकऱ्यांना तें जंतूंचेंच वाटतें. घरजांवई किती पिढ्या राहिला तरी गांव त्याचें मूळ विसरत नाहीं, तशांतला हा प्रकार!

धोक्याची खूण पटतांच पहारेकरी पेशी निरोप धाडतात. या निरोप्यांचीं नांवें रुक्ष आहेत – टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ – पण काम रुक्ष नाहीं. त्यांच्या हांकेनें अस्थिमज्जेंतून पांढऱ्या पेशी थव्याथव्यानें बाहेर पडतात आणि लढण्याच्या तयारीनें रक्तांत फिरूं लागतात. बोट भाजलें तर ही सारी धांवपळ बोटापुरतीच राहते : लाली, सूज, ऊब आणि ठणका, हीं चार लक्षणें पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें नोंदवून ठेवलीं आहेत. परंतु शरीराच्या कातडीचा सुमारें पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग भाजला म्हणजे हांक त्या जागेपुरती राहत नाहीं. ती सर्वांगांत पसरते. मग जेथें आग लागलीच नाहीं तेथेंहि तीच चार लक्षणें उमटतात. आपल्या भाषेंत ‘दाह’ हा एकच शब्द आगीला आणि सुजेलाहि लागतो. तो कोणीं योजिला त्याला हें ठाऊक असण्याचा संभव नाहीं, पण शब्द अचूक बसला आहे.

आतां फुप्फुसेंच कां? डॉक्टरांचा बाण येथें उपयोगी पडला. पायांतून परतणारें सारें रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यांत येतें आणि तेथून थेट फुप्फुसांत जातें. मिनिटास सुमारें पांच लिटर, म्हणजे अंगांतलें बहुतेक सगळें रक्त, त्या जाळ्यांतून गाळलें जातें. म्हणून पायांनीं पाठविलेला निरोप आणि त्या निरोपानें खवळलेल्या पेशी यांचा पहिला मोठा मुक्काम फुप्फुसांत पडतो. तेथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद आहेत कीं पांढरी पेशी एरव्हींसुद्धां अंग चोरून, लांबोडकी होऊन त्यांतून पार पडते. खवळलेली पेशी ताठर बनते, तिला अंग चोरतां येत नाहीं, ती अडकते. अडकलेल्या जागींच ती आपलीं हत्यारें उपसते : प्रथिनें कापणारीं पाचकद्रव्यें, प्राणवायूचीं दाहक रूपें, आणि मरतां मरतां स्वतःच्या गाभ्यांतून फेंकलेलीं चिकट जाळीं. समोर शत्रु नसतो. समोर असते ती रक्त आणि हवा यांच्यामधली भिंत, जी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ आहे.

अंगावरची कातडी पसरली तर दोन चौरस मीटरसुद्धां भरत नाहीं. फुप्फुसांतले वायुकोश मोजले तर पन्नास कोटींच्या जवळपास जातात, आणि त्यांच्या भिंती उलगडल्या तर सत्तर चौरस मीटरांच्या घरांत क्षेत्र भरतें. एवढी भिंत जागजागीं झिरपूं लागली म्हणजे काय होईल? वायुकोशांत हवेऐवजीं रक्तांतला प्रथिनयुक्त द्रव भरतो, कोश उघडे ठेवणारा जो एक स्निग्ध लेप असतो तो निकामी होतो, कोश मिटतात, फुप्फुस ओल्या घोंगडीसारखें जड होतें. छाती हलते, हवा आंत जाते, पण प्राणवायु रक्तापर्यंत पोंचत नाहीं. या सर्वाला कांहीं वेळ लागतो, म्हणून धाप पहिल्या दिवशीं लागत नाहीं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीं लागते, रोगी बरा दिसूं लागला असतां लागते, आणि म्हणूनच घरच्या माणसांना ती रुग्णालयानें निर्माण केलेली वाटते.

बायकोला आम्हीं हें त्या संध्याकाळीं जमेल तसें सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "म्हंजी पायातली आग रगतातनं छातीत गेली." आमच्या पांच वाक्यांचें तिनें एक वाक्य केलें होतें, आणि तें फारसें चुकीचें नव्हतें. फक्त एक दुरुस्ती करणें भाग होतें : वर गेली ती आग नव्हे, आग विझवावयास धांवलेलीं माणसें. खोपीला आग लागली म्हणून सारा गांव धांवला, आणि वाटेंतला उभा गहूं तुडवून गेला. तिनें लगेच पुढचा प्रश्न केला, "मग त्यास्नी आडवायचं आवशद द्या की." हा प्रश्न तिच्या आधीं मोठमोठ्या प्रयोगशाळांनीं विचारलेला आहे, आणि त्याचें उत्तर आजहि समाधानकारक नाहीं. त्या धांवणाऱ्यांना सरसकट अडविलें तर पायांच्या जखमेंत जंतु शिरतील त्यांना मारणार कोण? भाजलेल्यांतले बरेच लोक पुढें जंतुसंसर्गानेंच जातात. डॉक्टरांनीं तिला एवढेंच सांगितलें कीं गहूं तुडवला गेला आहे, तो पुन्हां उभा राहीपर्यंत माणूस जगवायचा, यंत्र त्यासाठीं.

तिचा आणखी एक संशय होता, आणि तो आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटला. "बाटल्यावर बाटल्या चढवल्या सलाईनच्या. त्येच पाणी छातीत उतरलं आसंल." डॉक्टर यावर हंसले नाहींत. भाजल्यावर गळती फुप्फुसांपुरती नसते, सर्वांगाच्या केशवाहिन्या गळूं लागतात; रक्तांतलें पाणी ऊतींत जातें, रक्त दाट होतें, मूत्रपिंडें बंद पडतात. ही तूट भरून काढली नाहीं तर रोगी तिसरा दिवस पाहतच नाहीं. डॅलस येथील पार्कलंड रुग्णालयांतील चार्ल्स बॅक्स्टर यांनीं १९६८ मध्यें यासाठीं एक हिशेब मांडला, तो जगभर वापरला जातो : वजनाच्या दर किलोला आणि भाजलेल्या दर शेंकड्याला चार मिलिलिटर. साठ किलो वजन, शेंकडा तीस भाग भाजलेला. म्हणजे चोवीस तासांत ७२०० मिलिलिटर, त्यांतलें निम्में पहिल्या आठ तासांत. सात लिटरांहून अधिक पाणी! कोणाहि बायकोच्या डोळ्यांवर यावें असेंच तें आहे. आणि तिचा संशय अगदींच निराधार नव्हता. गरजेहून जास्त पाणी गेलें तर तें गळक्या फुप्फुसांत उतरतें, हें आजचे डॉक्टरहि मानतात. म्हणून हिशेबावर आंधळेपणानें न जातां लघवी मोजतात. ताशीं तीस मिलिलिटरांच्या आसपास राहिली तर पाणी बेताचें. त्याच्या खाटेखालीं ती पिशवी होती आणि दर तासाचा आंकडा कागदावर होता. दिरानें तो कागद स्वतः वाचला. त्यानंतर सही झाली.

पुण्याला तो अकरा दिवस यंत्रावर होता. पुढें पायांवर पाठीची कातडी लावली. तो घरीं आला तें होळीच्या आधीं. वर्षभर पाटाचा भराव चढतांना दोनदां थांबावें लागे, आणि थांबण्याचें निमित्त म्हणून तो प्रत्येक वेळीं पाण्याकडे पाहत उभा राही. हल्लीं थांबत नाहीं. गुऱ्हाळावर जातो, पण रस गाळण्याच्या बाजूला, काहिलीजवळ नाहीं.

भाजल्याचा परिणाम दूरच्या अवयवांवर होतो ही कल्पना तशी जुनी आहे. लंडनचे शस्त्रवैद्य कर्लिंग यांनीं १८४२ मध्यें दाखविलें कीं अंग भाजलेल्या रोग्यांच्या आंतड्याच्या आरंभीं व्रण होतात. १९२१ मध्यें अमेरिकेंतील न्यू हेवन येथें एका नाट्यगृहाला आग लागली. तेथल्या रोग्यांवर अभ्यास करून अंडरहिल यांनीं फोडांतलें पाणी हें रक्तांतल्या पाण्यासारखेंच असतें हें सिद्ध केलें, आणि भाजलेला माणूस कोणत्या गूढ विषानें नव्हे तर पाण्याच्या तुटीनें दगावतो हा विचार रुजला. मग २८ नोव्हेंबर १९४२ ची बोस्टनची रात्र. कोकोनट ग्रोव्ह नांवाच्या विलासगृहाला आग लागून ४९२ माणसें मेलीं. त्यांच्यांतल्या कित्येकांची कातडी फारशी भाजलेली नव्हती. त्या रात्रीनें डॉक्टरांना भाजलेल्याच्या फुप्फुसांकडे पाहावयास लावलें. या विद्येचा इतिहास असा जळक्या नाट्यगृहांतून चालत आलेला आहे, हें मनांत आलें म्हणजे तिच्याविषयीं आदरहि वाटतो आणि अंगावर कांटाहि येतो.

तरीहि धूर नसतां फुप्फुसें कां जातात याचा उलगडा त्या रात्रीनें झाला नाहीं. १९६७ मध्यें डेन्व्हरच्या डॉक्टरांनीं बारा रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. कोणाला अपघात, कोणाला संसर्ग, कोणाला स्वादुपिंडाचा दाह. मूळ दुखणें निराळें, पण शेवटीं फुप्फुसांची दशा एकच. या दशेला आज एआरडीएस म्हणतात. २०२० व २०२१ च्या साथींत हें नांव आमच्याकडच्या घराघरांत कानावरून गेलें. ज्यांचीं माणसें त्यांत गेलीं त्यांना निराळें सांगावयास नको. पुढें १९८० नंतरच्या दशकांत मिशिगन विद्यापीठांत टिल आणि वॉर्ड यांनीं उंदरांवर प्रयोग केले. भूल दिलेल्या उंदराची फक्त कातडी भाजली, तरी कांहीं तासांतच त्याच्या फुप्फुसांतल्या वाहिन्या गळूं लागल्या. ज्या उंदरांच्या रक्तांतल्या त्या विशिष्ट पांढऱ्या पेशी आधींच काढून टाकल्या होत्या, त्यांचीं फुप्फुसें पुष्कळशीं वांचलीं. डॉक्टरांनीं कागदावर काढलेला बाण प्रथम या मुक्या प्राण्यांच्या अंगांत काढला गेला होता.

यंत्राचीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. जड झालेल्या फुप्फुसांत यंत्रानें जोरानें हवा भरली तर उरलेसुरले चांगले कोश फाटतात आणि दाह आणखी वाढतो. अमेरिकेंत ८६१ रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २००० मध्यें प्रसिद्ध झाला : उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोला बारा मिलिलिटर हवा देण्याऐवजीं सहाच दिली तर शेंकडा चाळीसांऐवजीं एकतीस दगावतात. औषध नवें नाहीं, यंत्र नवें नाहीं. फक्त हात आंखडला, आणि दर शंभरांत नऊ माणसें घरीं गेलीं. आमच्या मजुराच्या यंत्रावरहि तोच आंकडा लावलेला होता.

आतां धुराविषयीं. येथें आपले पूर्वज मागें नव्हते. सुश्रुतानें सूत्रस्थानांत भाजण्याचे चार प्रकार सांगून झाल्यावर लगेच धुरानें पीडित झालेल्याचीं लक्षणें स्वतंत्रपणें दिलीं आहेत : धाप, शिंका, खोकला, डोळ्यांची आग, वास व चव न कळणें. कातडी भाजणें आणि धूर कोंडणें या दोन निराळ्या इजा आहेत, पण त्या एकाच प्रकरणांत सांगावयाच्या, इतकें त्यानें ओळखलें होतें. कोरडी गरम हवा सहसा घशाच्या खालीं उतरत नाहीं. घसाच भाजून सुजतो आणि वाट बंद होते. खालीं उतरतात ते काजळीचे कण आणि विषारी वायु. त्यांतला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला प्राणवायूहून दोनशें पटींपेक्षां अधिक घट्ट बिलगतो, आणि प्लास्टिक, फोम, रेशीम जळलें तर सायनाइडहि निघतो. जानेवारी २०२१ मध्यें भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालकें गेलीं. त्यांतलीं तीन भाजून गेलीं आणि सात धुरानें गुदमरून, असें तेव्हां सांगण्यांत आलें. आम्ही मोरोपंतांच्या बारामतीजवळचे. लाक्षागृहाची कथा आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. लाख आणि तूप यांच्या त्या घरांतून पांडव भुयारानें सुटले हें ऐकून टाळ्या पिटणाऱ्या आम्हां मुलांना त्या रात्रीं आंत झोपलेली निषादस्त्री व तिचे पांच मुलगे यांची आठवण कोणीं करून दिली नाहीं. तीं बहुधा ज्वाळा पोंचण्याआधींच धुरानें गेलीं असतील.

भाजणें आणि धूर दोन्ही एकाच अंगावर आलीं तर तो रोगी सर्वांत अवघड. आणि आमच्या भागांत असा रोगी बहुतेक वेळां बाई असते. गुऱ्हाळें कमी झालीं, पण चुली आणि रॉकेलचे स्टोव्ह पुष्कळ वर्षें राहिले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, तरी दुसरें सिलिंडर भरावयास पैसे नसले कीं चिपाडें आणि तुराट्या पुन्हां पेटतात. कोंदट खोली, वरून पत्रा, अंगावर नायलॉनचें पातळ. पदर पेटला म्हणजे ज्वाळा छातीवरून चेहऱ्याकडे चढते, आणि भेदरलेली बाई मोठमोठ्यानें श्वास घेते. अशा वेळीं कातडीकडून येणारा दाह आणि श्वासनलिकेंतून उतरणारा दाह फुप्फुसांत एकमेकांना भेटतात. पदर पेटला कीं पेटविला, हा प्रश्न त्याच दिवशीं उभा राहतो. नातलग मात्र बाहेर एकच आंकडा विचारीत असतात : किती टक्के? टक्के कातडीचे असतात. फुप्फुसांचे कोणी विचारीत नाहीं.

पुण्यास आम्ही त्या मजुराला भेटावयास जात होतों तेव्हां त्याच दालनांत अशी एक बाई होती. वय पंचविशीच्या आंतलें. चेहरा आणि छाती भाजलेली, आवाज घोगरा झालेला. आवाज घोगरा होणें म्हणजे कंठ सुजूं लागला आहे. नळी लवकर घातली नाहीं तर पुढें ती घालावयास वाट उरत नाहीं. आणि नळी घातली कीं माणसाला बोलतां येत नाहीं. मरणोन्मुख माणसानें आपल्या मरणाच्या कारणाविषयीं सांगितलेलें पुरावा म्हणून धरावें, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत बत्तिसाव्या कलमांत होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमांत तो सव्विसाव्या कलमांत आला आहे. जबाब देतांना मनुष्य शुद्धीवर होता असा डॉक्टरांचा दाखला नसला तरी चालेल, लिहून घेणाऱ्याची खात्री झालेली असली म्हणजे पुरे, असा निर्णय २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत दिला. हे नियम आम्हीं पुढें वाचले. त्या दिवशीं आम्हांस दिसलें तें इतकेंच : खाटेच्या एका बाजूस भूल देणारे डॉक्टर नळी हातांत घेऊन उभे होते, दुसऱ्या बाजूस एक अधिकारी गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते, आणि नातलगांना बाहेर काढलेलें होतें. परिचारिका प्राणवायूचा मुखवटा उचली, बाई तीनचार शब्द बोले, मुखवटा पुन्हां बसे. अधिकारी ते शब्द मोठ्यानें वाचून दाखवीत आणि ती मानेनें हो म्हणे. एका शब्दापाशीं तिनें मान आडवी हलविली. त्यांनीं तो खोडला आणि मुखवटा पुन्हां उचलला जाण्याची वाट पाहूं लागले. डॉक्टरांनीं घड्याळाकडे पाहिलें, पण कांहीं बोलले नाहींत.